हात न जोडणाऱ्या मुली

आमच्या घरी देव मोजके आणि नियम कडक. आम्ही महानुभाव. पाच कृष्ण, तेवढेच आमचे. बाकीच्या देवांना नावं ठेवायची नाहीत, पण त्यांच्यापुढे वाकायचं नाही, हात जोडायचे नाहीत आणि त्यांचा प्रसाद तोंडात घालायचा नाही. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, धुळ्याकडच्या एका खेड्यातून सुरतेला लूम चालवायला आले ते हे सगळं बरोबर घेऊनच. लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं खानदेशातली, आणि गल्लीच्या तोंडाशीच गणपतीचा मांडव पडायचा. मंडळाची पोरं आली की आबा वर्गणी द्यायचे, मांडवाचे बांबू उभे करायला हात लावायचे, आणि आरतीची घंटा वाजली की घरात येऊन बसायचे. गल्लीला हे माहीत होतं. कोणी थट्टेनं त्यांना "पाचदेवे" म्हणायचं. आबाही हसायचे.

मला महानगरपालिकेच्या मराठी शाळेत घातलं, तेव्हा आबांनी पहिलीच्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, "ही प्रार्थनेला उभी राहील, गडबड करणार नाही. फक्त हात जोडणार नाही." बाई म्हणाल्या, "राहू द्या हो, एवढ्या पोरांत कोण बघतंय."

आणि खरंच, पुढे कितीतरी वर्षं कोणी बघितलं नाही. शाळेच्या पटांगणात रोज सकाळी रांगा लागायच्या, भिंतीवरच्या सरस्वतीच्या फोटोला हार असायचा, सगळे हात जोडून श्लोक म्हणायचे आणि मी हात खाली सोडून उभी असायचे. म्हणत नव्हते, पण ऐकून ऐकून सगळं पाठ झालं होतं.

तिसरीपासून माझ्या बाकावर एकच मुलगी बसायची. ती मुसलमान. तिचे वडील मूळचे नंदुरबारचे. घरी शिलाई मशीन टाकून साड्यांना लेस लावायचे. उर्दू शाळा रेल्वेलाइनच्या पलीकडे होती आणि तिच्या आईला मुलींनी रूळ ओलांडलेले चालायचे नाहीत, म्हणून ती आमच्या शाळेत आली. आमची दोघींची घरची बोली जवळजवळ एकच होती, अर्धी अहिराणी, अर्धी बाजारातली हिंदी. त्यामुळे पहिल्याच दिवशी जमलं.

ती मात्र प्रार्थनेला डोळे मिटून, हात जोडून उभी राहायची. ओठही हलायचे. चौथीत असताना मी तिला विचारलं, "तुमच्यात चालतं हे?"

"नाही चालत."

"मग काय म्हणतेस एवढं?"

ती माझ्या कानाशी आली. "पाढे," म्हणाली. "आज सतराचा म्हटला."

गणितात तिचा हात कोणी धरू शकत नसे.

आठवीच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही शाळेत गेलो, तर दारातून आत शिरल्या शिरल्या समोर संगमरवरी सरस्वती बसलेली. टाइल्सचा चौथरा, मागे लाइटची माळ. आमच्या भागातल्या एका बिल्डरनं ती शाळेला दिली होती. मूर्ती सुंदर होती, हे मी आजही सांगेन. वीणेवरची बोटं इतकी बारीक कोरलेली होती की मी पहिल्या दिवशी बराच वेळ नुसती बघत राहिले.

शाळेचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, त्याच वर्षी बदलून आले होते. आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो. त्यांनी आल्या आल्या मुलींच्या संडासाला दार बसवून घेतलं, दुपारचं जेवण आधी स्वतः चाखायला सुरुवात केली, पावसात गळणारे दोन वर्ग नीट करून घेतले. त्यासाठी ते कुणाकुणाच्या दारात जाऊन बसायचे. मूर्तीही त्यातूनच आली असावी. माणूस कामाचा होता. पुढे जे झालं ते त्यांनी मनात काही धरून केलं, असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही खात्रीनं म्हणता येत नाही. आणि त्यामुळेच ते जास्त कठीण आहे.

मूर्ती बसवली त्या दिवशी पाहुणे आले, पूजा झाली, प्रत्येकाच्या हातावर एक-एक पेढा पडला. मी माझा रुमालात बांधला. शाळा सुटल्यावर मैत्रिणीला म्हटलं, "तू खा हा."

तिनं स्वतःची मूठ उघडून दाखवली. तिच्याही हातात पेढा, घामानं चिकट झालेला. आम्ही दोघी इतक्या हसलो की रस्त्यावरची माणसं बघायला लागली. शेवटी शेजारच्या गोठ्याबाहेर बांधलेल्या बकरीला दोन्ही पेढे दिले. त्यानंतर ते रोजचंच झालं, कारण रोज काही ना काही प्रसाद असायचाच.

नवा नियम असा झाला की दर शुक्रवारी एका वर्गानं आरती करायची. आमच्या वर्गाची पाळी आली तेव्हा वर्गाच्या बाईंनी ताट माझ्या हातात द्यायचं ठरवलं, कारण माझा पहिला नंबर यायचा. या बाई पुण्याकडच्या, मिस्टर बँकेत, मराठी फार स्वच्छ बोलायच्या. मी हळूच त्यांना सांगितलं की आमच्या घरी हे चालत नाही. त्या जरा गोंधळल्या, पण "बरं" म्हणाल्या आणि ताट दुसऱ्या मुलीला दिलं. तेवढ्यात मोठ्या सरांनी पाहिलं.

"का हो बाई, हिला का बदललं?"

बाई काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "सर, आमच्यात चालत नाही."

"तुमच्यात म्हणजे कोणात? तू हिंदू ना?"

"हो सर."

"मग?"

घरी कधी कोणी हा प्रश्न असा विचारलाच नव्हता. सर मूर्तीकडे हात करून समजुतीच्या सुरात म्हणाले, "अगं ही विद्येची देवता. तू पहिला नंबर काढतेस, तो कोणाच्या कृपेनं?"

"अभ्यास करून, सर."

मी खरं तेच सांगितलं होतं. पण मागच्या रांगेतली पोरं हसली आणि सरांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "ठीक आहे. प्रार्थनेच्या वेळी इथे, मूर्तीच्या शेजारी, भिंतीकडे तोंड करून उभी राहा. हात जोडावेसे वाटले की रांगेत ये."

दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहू लागले. त्या भिंतीला नुकताच निळा रंग दिला होता आणि त्यात ब्रशाचे केस अडकलेले होते. मागून सगळ्या शाळेचा आवाज यायचा. सुरुवातीला मुलं येता-जाता चिडवायची. मग तेही थांबलं. चिडवणं थांबल्यावर वाईट जास्त वाटायला लागलं, कारण आता मी तिथे असणं त्यांच्या सवयीचं झालं होतं.

घरी मी काही बोलले नव्हते. मायनंच ओळखलं. ती दिवसभर साड्यांचे सुटे धागे कापायचं काम करायची, कात्री खाली ठेवून म्हणाली, "काय व्हयनं वं? तोंड का बरं उतरेल शे?" मग सगळं सांगावं लागलं.

आबा रात्रपाळी करून आले होते. झोपले नाहीत. अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून माझ्याबरोबर शाळेत आले. मोठ्या सरांच्या टेबलापुढे ते उभेच राहिले.

"सर, आम्ही कोणत्याच देवाला वाईट म्हणत नाही," आबा म्हणाले. "पोरगी शाळेचं सगळं ऐकते. तेवढं हात जोडायचं सोडून द्या."

"घरी काय करायचं ते करा ना," सर म्हणाले. "मी घरात येतो का तुमच्या? पण शाळेत शाळेची शिस्त. उद्या आणखी चार जण येतील, आमच्यात हे नाही, आमच्यात ते नाही. मग मी शाळा चालवू कशी?"

"पहिलीपासून चालत होतं, सर."

"तेव्हा कोणाच्या डोळ्यावर येत नव्हतं. आता मूर्ती आहे. देणारा माणूस येतो, बघतो."

आबा नमस्कार न करता, म्हणजे त्यांच्या पद्धतीनं नुसती मान लववून, बाहेर आले. रस्त्यात मला एवढंच म्हणाले, "उभी ऱ्हाय. पाय दुखनात ते सांग." उभी राहा, पाय दुखले तर सांग. मग ते घरी जाऊन झोपले, कारण संध्याकाळी पुन्हा पाळी होती.

त्याच सुमारास सामाजिक विज्ञानाच्या तासाला मूलभूत हक्कांचा धडा आला. बाई वाचत होत्या. सरकारच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणावर धर्माची सक्ती करता येत नाही, अशा अर्थाचं त्यात होतं. मी हात वर केला.

"बाई, आपली शाळा सरकारच्या पैशावर चालते ना?"

बाईंनी दाराकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. "पुस्तकात आहे ते बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि पुढचा परिच्छेद वाचायला लागल्या. मला राग आला. पण शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"सव्वीस जानेवारीला आपल्या वर्गातून एक भाषण आहे. विषय, आपली राज्यघटना. करशील?"

रिकाम्या वर्गात त्या मला भाषण म्हणून दाखवायला लावायच्या. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं त्यांनी शिकवलं. एक दिवस मी शेवटी माझी स्वतःची दोन वाक्यं जोडून म्हणून दाखवली. बाई खिडकीशी गेल्या. बाहेर बघतच म्हणाल्या, "शेवटचं मी ऐकलेलं नाही, असं समज. म्हणायचं की नाही ते तू ठरव. पण म्हणणार असशील तर स्पष्ट म्हण, खाली बघून नको."

मी मैत्रिणीलाही सांगितलं. तिला ते आवडलं नाही.

"तुला बोलता येतं," ती म्हणाली. "तू त्यांच्यातलीच आहेस. फार तर भिंतीकडे उभं करतील."

"आणि तू बोललीस तर?"

"मी कशाला बोलू? माझे अजून पंचविसाच्या पुढचे पाढे राहिलेत."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, कवायत झाली. मूर्ती देणारे बिल्डर प्रमुख पाहुणे होते. माझी पाळी आली तेव्हा ऊन चढलं होतं आणि माइकची जाळी गरम लागत होती. मी पाठ केलेलं सगळं म्हटलं आणि शेवटी म्हणाले, "घटनेनं मला माझा धर्म पाळण्याचा हक्क दिला आहे. तरीही आपल्या शाळेत मी हात जोडत नाही म्हणून मला रोज भिंतीकडे तोंड करून उभं करतात. हे घटनेला धरून आहे का, असा माझा प्रश्न आहे. जय हिंद."

मला वाटलं होतं कोणी माइक बंद करेल, ओरडेल. तसं काही झालं नाही. टाळ्या वाजल्या. पाहुणे शेजारच्या माणसाशी बोलत होते. टाळ्या ऐकून त्यांनीही वाजवल्या. पालकांच्या रांगेतून कोणीतरी "पोरगी हुशार आहे" म्हणालं. बहुतेकांनी ऐकलंच नव्हतं. ऐकलं होतं ते बाईंनी, मैत्रिणीनं आणि मोठ्या सरांनी.

शाळा पुन्हा भरली त्या दिवशी सर आमच्या वर्गावर आले. बाई फळ्याशी बाजूला उभ्या राहिल्या. सरांचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

"परवा तुमच्या वर्गातल्या एका मुलीनं धीटपणे आपलं मत मांडलं," ते म्हणाले. "चांगली गोष्ट आहे. आपल्या देशात सगळ्यांना बोलायचा हक्क आहे. तर मला विचारायचंय, आणखी कोणाला प्रार्थनेचा, आरतीचा त्रास होतो का? अगदी मोकळेपणानं सांगा. हात वर करा."

कोणी हललं नाही. आणि मग माझ्या शेजारी, बाकावरून, एक हात वर गेला. कोपरापर्यंतच. पण वर्गात दुसरा एकही हात नव्हता, तेव्हा तो खूप उंच दिसत होता.

सर तिच्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले. "खाली कर." आणि निघून गेले.

मधल्या सुट्टीत तिचे डोळे चमकत होते. "बघ," ती म्हणाली, "काही झालं नाही." तिला हायसं वाटलं होतं, ते दिसत होतं. आम्ही नळावर पाणी प्यायलो आणि तिनं माझ्या अंगावर ओंजळभर उडवलंही.

ती बातमी शाळेबाहेर कोणी नेली, मला ठाऊक नाही. चाळीस पोरांचा वर्ग. प्रत्येकानं घरी सांगितलंच असणार. पण दोन दिवसांत गल्लीत जे ऐकू यायला लागलं ते वेगळंच होतं. मराठी शाळेतल्या एका मुसलमान पोरीनं सरस्वतीची आरती बंद करायला सांगितली. कोणी म्हणे ती मूर्तीवर काहीतरी बोलली. दुधाच्या दुकानावर, पिठाच्या गिरणीवर, सगळीकडे तेच. त्यात मी कुठेच नव्हते. भाषण मी केलं होतं, सगळ्या शाळेपुढे, माइकवर. पण ते जणू झालंच नव्हतं. मायला गिरणीवर एका बाईनं ती गोष्ट सांगितली आणि वर म्हणाली, "तुमची पोरगी त्याच वर्गात आहे ना? जपून हं."

आबांना शाळेतून बोलावणं आलं. या वेळी सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. मी दाराशी उभी होते.

"भाऊ, तुमचा पंथ जुना आहे, मला कुणीतरी समजावून सांगितलं," सर म्हणाले. "आपल्यातलाच आहे. माझा काही विरोध नाही. असं करा, मुलीला प्रार्थना झाल्यावर पाठवा. दहा मिनिटं उशिरा. आम्ही काही म्हणणार नाही. विषय संपला."

"आणि ती दुसरी पोर?" आबांनी विचारलं.

"तिचं वेगळं आहे," सर म्हणाले. "ते आता शाळेच्या हातात राहिलेलं नाही."

आबांनी चहा तसाच ठेवला. पण मला वर्ष पूर्ण करायचं होतं, म्हणून ते हो म्हणाले.

त्या संध्याकाळी आमच्या भागातली काही माणसं मैत्रिणीच्या घरी गेली. त्यात आमच्या गल्लीच्या मंडळातलेही होते, आबांबरोबर बांबू उभे करणारे. मारहाण झाली नाही, काही फोडलं नाही. ते दारात उभे राहिले आणि तिच्या वडिलांना म्हणाले की शुक्रवारी मुलीला घेऊन शाळेत यायचं, तिच्या हातून आरती करून घ्यायची, म्हणजे लोकांचं समाधान होईल. तिचे वडील मशीनवरून उठून ऐकत होते. हे मला तिनं नाही, नंतर आबांनी सांगितलं.

शुक्रवारी मी ठरल्याप्रमाणे उशिरा गेले. फाटक आतून लावलेलं होतं. शिपाई म्हणाला, "प्रार्थना होऊ दे, मग सोडतो." मी जाळीला चेहरा लावून उभी राहिले. रांगा लागल्या होत्या. मूर्तीचा चौथरा फाटकातून सरळ दिसत होता.

तिला पुढे उभं केलं होतं. अंगावर युनिफॉर्म, केसांना तेल लावून घट्ट दोन वेण्या, तिच्या आईनं घातल्या असणार. शेजारी तिचे वडील, डोक्यावर नेहमी असायची ती टोपी नव्हती. ती हातात होती, घडी केलेली. मागे पाच-सहा माणसं, दोघांनी मोबाइल वर धरलेले. कोणीतरी ताट तिच्या हातात दिलं. आरती सुरू झाली.

तिला ताट ओवाळता येत नव्हतं. कधी केलंच नव्हतं. ती ते पुढे-मागे हलवत होती, पेटलेला कापूर कडेला घसरत होता, तेव्हा एका माणसानं मागून तिचं मनगट धरून गोल फिरवून दाखवलं. मग ती तशी फिरवायला लागली. वर्गाच्या बाई त्यांच्या रांगेपुढे उभ्या होत्या. त्यांचे हात जोडलेले होते आणि डोळे जमिनीकडे.

मी फाटकातून तिला नावानं हाक मारली. दोनदा, तीनदा. लाउडस्पीकरवर आरती चालली होती. शिपाई म्हणाला, "ए, गप."

आरती झाल्यावर तिला ताट घेऊन रांगांमधून फिरवलं. सगळ्या मुलांनी ज्योतीवर हात धरून कपाळाला लावले. नंतर फाटक उघडलं. मी आत जायच्या आधी ती आणि तिचे वडील माझ्या अंगावरून बाहेर गेले. तिनं माझ्याकडे बघितलं की नाही, ते मला सांगता येत नाही. तिच्या वडिलांनी बघितलं. ते मला ओळखायचे, कितीदा तरी त्यांनी मला लेसच्या उरलेल्या तुकड्यांची फुलं करून दिली होती. त्यांनी फक्त तिला खांद्याला धरून दुसऱ्या बाजूला घेतलं.

ती पुन्हा शाळेत आली नाही. रविवारी आबा त्यांच्या घरी गेले, बराच वेळ बसले. परत आल्यावर माय काही विचारायच्या आत म्हणाले, "जाई ऱ्हायनात त्या." जाताहेत ते. कुठे, ते त्यांनी आबांनाही सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात घराला कुलूप होतं आणि दारापाशी लेसच्या रिकाम्या रिळांचा ढीग.

आमच्या बाईंची उन्हाळ्याच्या सुट्टीत शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत बदली झाली. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. मी वर्षाच्या शेवटापर्यंत रोज उशिरा गेले आणि रोज फाटकाबाहेर उभी राहिले. मला हवं ते मिळालं होतं. माझ्यावर कोणी सक्ती करत नव्हतं. बाकावर एकटी बसायचे. पुढच्या गणपतीत आबांनी वर्गणी दिली, पण मांडवाच्या बांबूंना हात लावला नाही. कोणी विचारलं तर पाठ दुखते म्हणायचे.

पुढे मी बारावी केली, कॉम्प्युटरचा कोर्स केला, एका तपासणी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायचं काम धरलं. लग्न आमच्याच पंथातल्या घरात झालं आणि आम्ही सुरतेतल्याच कोसाडच्या वसाहतीत राहायला आलो. तिथे सगळ्या इमारती सारख्याच, जिने सारखेच. पहिले काही दिवस मी चुकून दुसऱ्यांच्या मजल्यावर जायचे. एका संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी एक बाई अहिराणीत घासाघीस करत होती. आवाज ऐकला आणि माझ्या हातातली पिशवी खालीच ठेवली गेली.

तिनंही मला ओळखलं. आधी थोडी थांबली, मग म्हणाली, "तू जाड झालीस गं."

तिचं घर समोरच्या इमारतीत होतं. मधली वर्षं तिनं चार वाक्यांत सांगितली. आधी कामरेजजवळ मामाकडे, मग वडील वारले, मग लग्न. शाळेत परत गेली नाही. घरात मशीन होतं, त्यावर ती लेस लावायची, वडिलांसारखीच. आम्ही येऊ-जाऊ लागलो. मुलं, पाणी, लिफ्ट, नवऱ्यांच्या पाळ्या, सगळं बोलायचो. ते सोडून.

शेवटी मलाच राहवलं नाही. गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिच्या घरी जमिनीवर बसलो होतो, ती साडीच्या काठाला लेस टाचत होती. मी म्हटलं, "एक विचारू? त्या दिवशी वर्गात तू हात का वर केलास? तूच म्हणाली होतीस ना, मी कशाला बोलू?"

ती लेस बघत राहिली.

"सरांनी विचारलं म्हणून," ती म्हणाली. "किती चांगलं विचारलं होतं, आठवतं तुला? मला वाटलं, खरंच विचारताहेत."

तिनं दोऱ्याचं टोक दातानं तोडलं आणि साडी पुढे सरकवली.

थोड्या वेळानं तिची मुलगी शाळेतून आली. जवळच्याच गुजराती सरकारी शाळेत तिसरीला आहे. दप्तर टाकलं, माठातलं पाणी प्यायली, आणि धापा टाकत म्हणाली की तिचा आवाज चांगला आहे म्हणून टीचरनं उद्यापासून माइकवर प्रार्थना सांगायला तिला निवडलंय.

"मग म्हणून दाखव," आई म्हणाली.

मुलगी भिंतीला टेकून सरळ उभी राहिली. हात जोडले, डोळे मिटले. आमच्या शाळेतला तोच श्लोक होता. अर्ध्यात आली आणि अडखळली. पुढचा शब्द मला माहीत होता, पण मी बोलले नाही. तिच्या आईनं मान वर न करता तो शब्द सांगितला, आणि म्हणाली, "परत. पहिल्यापासून म्हण. आणि मोठ्यानं."